सही करायच्या आधी कागद कसा वाचायचा

पोहणं, स्वयंपाक, गाडी चालवणं, चारचौघात बोलणं हे सगळं आयुष्यात यायलाच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण मला कुणी विचारलं की एकच गोष्ट शिकायची तर काय शिकू, तर मी म्हणेन कागद वाचायला शिक. सही करायच्या आधी, पूर्ण, शांतपणे. डिग्री घेतलेली माणसं सुद्धा बँकेत किंवा सबरजिस्ट्रारकडे "इथे, इथे आणि इथे" म्हटलं की पेनाचं टोपण काढतात, आणि मग पुढची दहा-पंधरा वर्षं त्या तीन सह्यांचे हप्ते किंवा कोर्टाच्या तारखा भरत बसतात. "मी वाचलंच नव्हतं" हे कोर्टात सहसा चालत नाही, सही केली म्हणजे मान्य केलं असंच धरतात.

चांगली गोष्ट ही की याला वकील असायची गरज नाही. पद्धत आहे, ती सवयीने येते. खाली जमेल तेवढं सविस्तर लिहितोय, ज्याला जे लागू आहे ते घ्या.

पहिलं काम: वेळ मागणं

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, कारण इथे वाचता येण्यापेक्षा भिडेचा प्रश्न असतो. समोर ओळखीचा माणूस असतो, मागे रांग असते, आणि वाचत बसलं तर याला आपल्यावर विश्वास नाही असं वाटेल म्हणून आपण सही करून मोकळे होतो. तर एक वाक्य पाठच करून ठेवा: "कागद घरी नेतो, वाचतो आणि उद्या येऊन सही करतो." एवढंच बोलायचं, कारणं द्यायची नाहीत, सॉरी म्हणायचं नाही. समोरून "अहो फॉरमॅलिटी आहे, सगळेच करतात" येणारच, किंवा "आज शेवटचा दिवस आहे" येईल. फॉरमॅलिटी असेल तर ती उद्याही फॉरमॅलिटीच राहील ना.

कर्जाच्या बाबतीत तर नियमच तुमच्या बाजूने आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवीन रिटेल कर्ज देताना बँकेने किंवा फायनान्स कंपनीने आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं, त्याला केएफएस म्हणतात, आणि सात दिवस किंवा जास्त मुदतीचं कर्ज असेल तर त्यातली ऑफर किमान तीन कामाचे दिवस टिकते. म्हणजे "आत्ताच्या आत्ता सही करा नाहीतर रेट जाईल" याला फारसा अर्थ उरत नाही.

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात मात्र वेळ मागून उपयोग नाही, तिथे टोकन घेतलेलं असतं, फोटो आणि अंगठ्यासाठी नाव पुकारलेलं असतं आणि वकिलाचा माणूस पानं उलटत असतो. तिथल्या कागदाचा ड्राफ्ट दोन-तीन दिवस आधी व्हॉट्सअपवर मागवायचा आणि त्या दिवशी तोच ड्राफ्ट छापलाय का हे पान पान ताडून बघायचं. ड्राफ्टमध्ये एक आणि स्टॅम्पवर दुसरंच असं होऊ शकतं, मुद्दाम नसेल तर टायपिंगमध्ये सुद्धा.

दोनदा वाचायचं, पेन्सिल हातात घेऊन

पहिल्या वेळी अर्थ लावायच्या भानगडीत पडू नका. फक्त नावं, स्पेलिंग, आकडे, तारखा, फ्लॅट नंबर, गट नंबर, चतुःसीमा तपासा आणि रिकाम्या जागा शोधा. रिकामी जागा दिसली की थांबायचं. "ते आम्ही नंतर भरू" हे उत्तर घ्यायचं नाही, एकतर समोर भरून घ्या नाहीतर आडवी रेघ मारून बाजूला सही करा. आकडा अक्षरात आणि अंकात दोन्हीकडे सारखा आहे का तेही बघा.

दुसऱ्या वेळी एक कोरा कागद घ्या आणि स्वतःच्या शब्दात लिहा: कोण कोणाला काय देतंय, किती पैसे आणि कधी, किती मुदतीसाठी, मी चुकलो तर काय आणि समोरचा चुकला तर काय, आणि यातून बाहेर कसं पडायचं. या पाच-सहा ओळी लिहिता आल्या तर तुम्हाला कागद समजला. कुठली ओळ लिहिता येत नाहीये, तीच गोष्ट विचारायची. बहुतेक वेळा "समोरचा चुकला तर काय" हीच ओळ कोरी राहते, कारण कागद त्यांनी बनवलेला असतो, त्यात तुमच्या चुकीचा दंड पानभर असतो आणि त्यांच्या उशिराबद्दल अवाक्षर नसतं.

काही वाक्यं दिसली की पेन्सिलने गोल करा. "संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार" म्हणजे चौघांनी सही केली तरी सगळे पैसे तुमच्या एकट्याकडून वसूल करता येतात. "वेळोवेळी लागू होणारे नियम मान्य" असेल तर ते नियम आज काय आहेत त्याची प्रत मागा. मुखत्यारपत्रात "रद्द न होणारे" असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय हात लावू नका. आणि खरेदीखतात "सदर रक्कम मिळाली, भरून पावलो, तक्रार नाही" असतं, पैसे खात्यात आल्याशिवाय त्याखाली सही करायची नाही, चेक दिला असेल तर चेकचा नंबर, तारीख, बँक सगळं त्यात लिहून घ्यायचं.

इंग्रजी कागद असेल तर लाजू नका, मोबाईलच्या कॅमेऱ्याने मराठीत करून बघा, पण त्या भाषांतरावर सही करू नका, "नाही" आणि "शिवाय" असे शब्द त्यात गडबडतात. अर्थ अंदाजे समजून घ्यायचा आणि अडलेलं ज्याला इंग्रजी येतं त्याला विचारायचं. केएफएस तर कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा नियम आहे, मराठीत मागा.

कर्ज आणि जामीन

कर्जाचा कागद वाचताना आधी कॅल्क्युलेटर काढा. हप्ता गुणिले महिने करा, त्यातून मुद्दल वजा करा, प्रोसेसिंग फी आणि जबरदस्तीने चिकटवलेला विमा मिळवा, मग कर्ज केवढ्याला पडतंय ते कळतं. फ्लॅट रेटवर तर खास लक्ष द्या. समजा १ लाख रुपये, १० टक्के फ्लॅट, दोन वर्षं. व्याज २० हजार, एकूण १ लाख २० हजार, हप्ता ५ हजार. ऐकायला १० टक्के छान वाटतं, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करताय तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतंय, त्यामुळे नेहमीच्या घटत्या पद्धतीने हाच दर साधारण १८ टक्क्यांवर जातो. वर फी आली की अजून जास्त. केएफएसमध्ये 'एपीआर' म्हणून एक आकडा असतो, त्यात व्याज आणि फी सगळं धरलेलं असतं, दोन बँकांची तुलना करायची तर तोच आकडा बघा, जाहिरातीतला नाही. आणि केएफएसमध्ये न लिहिलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, म्हणून तो कागद कर्ज फिटेपर्यंत जपून ठेवा.

होम लोन फ्लोटिंग रेटचं (बदलत्या व्याजाचं) आणि वैयक्तिक नावावर असेल तर आधी फेडल्याबद्दल दंड नाही, "फोरक्लोजर चार्ज" असं काही लिहिलं असेल तर विचारा. कर्ज फिटलं की घराचे मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बरेच जण कर्ज फेडून आनंदात घरी येतात आणि कागद वर्षभर तिकडेच पडून असतात.

आता जामीन. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे लग्नाला हजर राहण्याइतकं सहज धरतात. "फक्त सही हवीये, पैसे मीच भरणार आहे." कायदा काय म्हणतो बघा: १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, सगळे प्रयत्न करावेत आणि मग तुमच्याकडे यावं असं बंधन नाही. पगारदार माणूस जामीनदार म्हणून हवा असतो तो याचसाठी, कारण सहकार कायद्यात पगारातून कपात करून घ्यायची सोय आहे, तुम्ही तसं संमतिपत्र त्याच गठ्ठ्यात सही करून दिलेलं असतं आणि कलम १०१ चा वसुली दाखला (थकलेली रक्कम वसूल करायचा हुकूम) निघाला की तुमचं नावही त्यात असतं. म्हणून जामीन राहायचं ठरवलं तर एकच कसोटी लावा: हे सगळे पैसे मला भरावे लागले तर मी भरू शकतो का, आणि भरून सुद्धा या माणसाशी माझं नातं राहील का? नसेल तर "माझं स्वतःचं कर्ज काढायचंय, बँक जामीन मोजते" असं सांगा. ते खरंही आहे, जामीनकी तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसते. तो रिपोर्ट सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर दिसतंय का तेही त्यातच कळतं.

सही केलेले कोरे चेक कुणालाही देऊ नका. कोरा चेक म्हणजे ज्याच्या हातात आहे त्याने रक्कम भरायची मोकळीक, आणि तो परत गेला तर कलम १३८ ची, म्हणजे चेक बाऊन्सची केस तुमच्यावर. द्यावाच लागला तर रक्कम, नाव, तारीख भरून द्या, नंबर लिहून ठेवा आणि तो कशासाठी दिला याची पोच घ्या.

हक्कसोड: बहिणींनो, हा भाग नीट वाचा

वडील गेले की महिना-दोन महिन्यांत भाऊ किंवा काका म्हणतात, वारस नोंदीसाठी तालुक्याला यायचंय, सही लागेल. बहीण माहेरच्या ओढीने येते, दुःखात असते, आणि समोर दोन वेगवेगळे कागद असू शकतात हे तिला कुणी सांगत नाही. एक वारस नोंदीचा अर्ज, त्यात तिचं नाव वारस म्हणून लागतं. दुसरं हक्कसोडपत्र, त्यात ती आपला हिस्सा सोडते. पहिलं करायलाच हवं. दुसरं करायचं की नाही हा पूर्णपणे तिचा निर्णय आहे, आणि तो अकराव्या-तेराव्याच्या गडबडीत घ्यायचा नसतो.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. लग्न झालंय, हुंडा दिला, शिक्षणाचा खर्च केला, यातलं काहीही हक्क काढून घेत नाही.

मग करायचं काय? कागदाच्या पहिल्याच ओळीत शीर्षक असतं ते वाचा. "हक्कसोडपत्र", "रिलीज डीड", "वाटणीपत्र", "बक्षीसपत्र", "कुलमुखत्यारपत्र" यातलं काहीही असेल तर सही त्या दिवशी करायची नाही. स्थावर मिळकतीचं हक्कसोड रजिस्टर करावं लागतं, म्हणजे सबरजिस्ट्रार ऑफिसला नेत असतील तर तिथे नक्की काय रजिस्टर होतंय ते विचारा. तिथले अधिकारी "दस्त मान्य आहे का" विचारतात, तुम्हाला नाही म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. आपल्या मर्जीने हिस्सा सोडायचा असेल तर जरूर सोडा, कितीतरी बहिणी प्रेमाने सोडतात, पण गट नंबर आणि क्षेत्र वाचून, कोणाच्या नावे सोडताय ते बघून. एका घराचा हिस्सा सोडायला गेलेल्या बाईकडून "व इतर सर्व मिळकती" अशा चार शब्दांत शेत, विहीर, प्लॉट सगळं सोडवून घेता येतं.

सातबारा

शेती असो नसो, प्रत्येक मराठी घरात एकाला तरी सातबारा वाचता आला पाहिजे. महाभूलेख या सरकारी साईटवर नुसता बघायला फुकट आहे, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना मिळतो. वरच्या भागात गाव, गट नंबर आणि भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ म्हणजे साधारणपणे विकायला मोकळी. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, कितीही स्वस्त मिळत असली तरी तिथेच थांबा. मग क्षेत्र, ते हेक्टर-आरमध्ये असतं, १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ एकर म्हणजे ४० गुंठे, आणि आर आणि गुंठा जवळपास सारखेच. लागवडीयोग्य किती आणि पोटखराबा किती हे वेगळं लिहिलेलं असतं, बरेच घेणारे एकूण क्षेत्राचे पैसे मोजतात.

मग 'इतर हक्क' हा रकाना, खरी गोष्ट इथे असते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, रस्त्याचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम. प्रत्येक नोंदीपुढे फेरफार नंबर असतो, तो फेरफार काढून वाचायचा, नाव कसं आलं आणि कसं गेलं ते त्यातच असतं. सोबत ८अ घ्या, त्या खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी एका कागदावर दिसतात. एक लक्षात असू द्या, सातबारा हा महसुली रेकॉर्ड आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, त्यामुळे खरेदी करताना जुनी खरेदीखतं, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) हवाच. आणि साठेखताने, म्हणजे पुढे खरेदी करू अशा नुसत्या कराराने, मालकी येत नाही, खरेदीखत रजिस्टर झाल्यावरच येते.

गावी जमीन आणि आपण पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असाल तर दर तीन-चार महिन्यांनी आपला गट ऑनलाईन उघडून बघायची सवय लावा, 'आपली चावडी' वर फेरफाराच्या नोटिसा दिसतात. हरकत घ्यायला १५ दिवसच मिळतात, नंतर अपील, तारखा, तालुक्याच्या खेपा.

भाडं, फ्लॅट, विमा

हे थोडक्यात. ११ महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायला लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूने डिपॉझिट परत कधी मिळणार, कशासाठी कापणार, मध्येच सोडलं तर किती महिन्यांची नोटीस, लॉक-इन (अमुक महिने सोडताच येत नाही अशी अट) आहे का, रंगाचा खर्च कोणाचा, एवढं वाचलं तरी बरीचशी भांडणं टळतात. राहायला जाताना भिंती, नळ, गीझर यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

बिल्डरकडून फ्लॅट घेताना रेरा नंबर (प्रकल्पाचा सरकारी नोंदणी नंबर) महारेराच्या साईटवर टाकून बघा, आणि रजिस्टर्ड करार व्हायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत हे लक्षात ठेवा. करारात कार्पेट एरिया, ताबा द्यायची तारीख, पार्किंगचा नंबर, उशीर झाला तर व्याज, हे चार शोधा.

विम्यात प्रपोजल फॉर्म स्वतः भरा किंवा भरलेला वाचा, बीपी-शुगर एजंटने "नाही" लिहिलं तरी सही तुमची असते आणि क्लेमच्या वेळी तेच समोर येतं. बँकेत एफडी करायला गेलेल्या आजी-आजोबांच्या हातात दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी पडते असं बरंच घडतं, तर कागदावर "प्रीमियम" हा शब्द दिसला की ती एफडी नाही हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा. हेल्थ पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा, को-पे (बिलातला तुम्ही भरायचा हिस्सा) आणि जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड (किती दिवस त्या आजाराचा क्लेम मिळणार नाही) बघा, हा पिरियड आता ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

सही करताना आणि नंतर

प्रत्येक पानावर सही, हाताने केलेल्या प्रत्येक दुरुस्तीशेजारी दोन्ही बाजूंच्या सह्या, सहीखाली तारीख. आधारच्या झेरॉक्सवर आडवं लिहा "फक्त भाडेकरारासाठी" आणि तारीख टाका. सही केलेल्या सगळ्या पानांचे फोटो तिथेच काढा, "प्रत नंतर पाठवतो" वर उठू नका. तोंडी जे कबूल केलंय ते त्याच दिवशी मेसेजवर लिहून पाठवा, "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे डिपॉझिट ३० दिवसांत परत", समोरून नुसतं "ओके" आलं तरी पुढे कामाला येतं.

सही होऊन गेली असेल आणि आता घाम फुटलाय, तर हात टेकू नका. विमा पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. ॲपवरून घेतलेल्या कर्जात केएफएसमध्ये एक मुदत लिहिलेली असते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंड न देता बाहेर पडता येतं. बँकेची तक्रार आधी बँकेकडेच लेखी करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यासाठीचा हेल्पलाईन नंबर १४४४८. वस्तू आणि सेवांच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाईन १९१५. फसवून किंवा धमकावून सही घेतली असेल तर त्याच आठवड्यात वकील गाठा, उशीर झाला की "इतके दिवस गप्प का होतात" हा पहिला प्रश्न येतो.

सराव करायला घरातलीच फाईल काढा. दर रविवारी एक कागद, सोबत दहावी-बारावीतला मुलगा-मुलगी बसवा आणि त्यांना त्या पाच-सहा ओळी लिहायला लावा. सुरुवात अगदी अलीकडे घेतलेल्या पॉलिसीपासून करा, कारण तिचे ३० दिवस कदाचित अजून संपले नसतील.